अर्ध्या छटेचा फरक

"आमच्याकडून चूक झाली, माफ करा," असं त्या बाई फोनवर तीनदा म्हणाल्या, आणि तिसऱ्या खेपेला मी मोठ्या मनानं म्हणालो, "अहो, चालायचंच. माणूस आहे, चुकतं." फोन ठेवला आणि मग ते वाक्य माझं मलाच ऐकू आलं. सकाळचे नऊ वाजले होते. उजवा पाय समोरच्या खुर्चीवर उशी घेऊन बसला होता, अंगठ्याला जाड पट्टी. बसला होता म्हणतो, कारण हल्ली तो पाय घरात आलेल्या पाहुण्यासारखाच वाटतो, त्याची बडदास्त ठेवायची आणि त्याच्या मनात काय आहे ते आपल्याला कळत नाही. आत बायको भांडी विसळत होती आणि तिनं नळ बारीक केला होता, म्हणजे ती ऐकत होती. छत्तीस वर्षांच्या संसारात मला एवढं समजलेलं आहे, नळ मोठा असला की ती कामात असते, बारीक झाला की कान इकडे असतात. "कोण होतं?" तिनं आतूनच विचारलं. "वहीवाल्या बाई. काही नाही, त्यांच्याकडे म्हणे रक्ताच्या नळ्यांची अदलाबदल झाली. तुझी माझ्या नावावर, माझी तुझ्या. तीही पाच वर्षं." "असं?" ती म्हणाली. मी वाट पाहिली, पण पुढे काही आलं नाही. मग नळ पुन्हा मोठा झाला.

वहीवाल्या बाई म्हणजे औषधाच्या त्या अभ्यासाच्या ऑफिसातल्या. त्या छातीशी एक जाड वही धरून बसायच्या, पुढे टेबलावर कॉम्प्युटर आला तरी वही सुटली नाही, म्हणून आम्ही दोघांनी घरात ठेवलेलं हे नाव. सात वर्षांपूर्वी आमच्या साखरेच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, असा असा अभ्यास आहे, दोघंही येता का. जुनी साखर असलेली माणसं घ्यायची, निम्म्यांना रोज व्हिटॅमिन डीची कॅप्सूल द्यायची, निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी, पण आत नुसतं तेल असलेली, आणि वर्षानुवर्षं बघत राहायचं, कोणाचे डोळे जातात, कोणाच्या किडन्या, कोणाचे पाय. खरी कोणाला आणि खोटी कोणाला हे चिठ्ठ्या टाकून ठरणार, आणि ते आम्हाला, डॉक्टरांना, वहीवाल्या बाईंना, कोणालाच कळणार नाही. "उन्हाचंच औषध आहे," डॉक्टर म्हणाले, "ऊन अंगावर पडलं की शरीर आपलं आपण बनवतं. तुम्ही दोघं उन्हात जाता का?" आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मी रंगाच्या कारखान्यात, बिनखिडकीच्या खोलीत. ती बाजाराच्या तळघरात, कपडे दुरुस्त करण्याच्या दुकानात, कोणाची पँट आखूड कर, कोणाची चेन बदल, एका दिव्याखाली मान मोडून. साखरसुद्धा आम्हाला वर्षाच्या अंतरानं लागली, आधी मला, मग तिला. "संसार गोड झाला म्हणतात तो असा," ती तेव्हा म्हणाली होती. रक्त तपासलं तर दोघांचंही डी तळाला. आम्ही हो म्हणालो. दर तीन महिन्यांनी दोन बाटल्या मिळायच्या, एकीवर माझा नंबर, एकीवर तिचा, प्रत्येकीत नव्वद पिवळ्या कॅप्सुली. वर्षातून एकदा सुईवाल्या बाई रक्त काढायच्या, आणि ते आकडे अभ्यास संपेपर्यंत कोणाला सांगायचे नाहीत असा नियम होता.

शनिवारी पाकिटं आली. अभ्यास संपून चिठ्ठ्या उघडल्या होत्या. माझ्या पत्रात लिहिलं होतं की तुम्हाला सहाही वर्षं खरी कॅप्सूल देण्यात आली. तिच्या पत्रात, तुम्हाला तेलाची. खाली दर वर्षीचे आकडे. पहिल्या वर्षी माझं डी अकरावरून छत्तीसवर चढलेलं, तिचं बारावर तिथंच बसलेलं. दुसऱ्या वर्षापासून सगळं उलटं, माझं घसरत घसरत नऊवर, तिचं चाळिशीच्या घरात. वहीवाल्या बाईंनी हे पाहिलं आणि सरळ अंदाज बांधला, नवरा-बायको, आडनाव एक, यायचा दिवस एक, सुई टोचणारीनं नळ्यांवर चिठ्ठ्या उलट्यासुलट्या लावल्या असणार. म्हणून तो फोन. पण नळ्या ज्याच्या त्याच्याच होत्या. अदलाबदल झाली होती ती कॅप्सुलींची, आणि ती माझ्या घरात, माझ्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर, माझ्या हातांनी झाली होती. वर्षाला चार, पाच वर्षांत वीस वेळा.

आता हे का केलं, तर ते साधं आहे आणि म्हणूनच लाजिरवाणं आहे. मला खरी हवी होती. बायकोसाठी नाही, माझ्यासाठी. त्या पहिल्या वर्षात तिचा चेहरा तजेलदार दिसायला लागला होता, जिना चढताना ती माझ्यापुढे असायची, कात्रीनं कापलेलं बोट चार दिवसांत भरून आलं. आणि मी संध्याकाळी कारखान्यातून आलो की बूट न काढता तसाच बसून राहायचो. खरी हिलाच मिळतेय, हे माझ्या डोक्यानं घेतलं. आणि डोकं एकदा घेतं म्हटल्यावर डोळ्याला पुरावा सापडायला कितीसा वेळ. कारखान्यात मला 'डोळा'च म्हणायचे. बत्तीस वर्षं मी रंग जुळवले. गिऱ्हाईक बोटाएवढा तुकडा पाठवतं, पत्र्याचा, कापडाचा, कधी जुन्या दाराचा टवका, आणि म्हणतं, असा रंग करून द्या. कार्डावर रंग ओढायचा, वाळू द्यायचा, कारण ओला रंग खोटं बोलतो, मग दिव्यांच्या पेटीत दोन्ही शेजारी ठेवून बघायचं. पेटीत तीन दिवे, एक दुकानातल्या उजेडाचा, एक घरातल्या, एक ढगाळ दुपारच्या. खरं ऊन आम्ही कधीच वापरलं नाही. सकाळी एक, दुपारी दुसरं, ऊन भरवशाचं नाही असं माझे उस्ताद सांगायचे, आणि मी ते पुढच्यांना सांगत आलो. तर एक दिवस मी खिशातून दोन कॅप्सुली नेल्या, एक माझी, एक तिची, आणि जेवणाच्या सुट्टीत पेटीत ठेवल्या. दुकानाच्या दिव्यात सारख्या. घरच्या दिव्यात सारख्या. ढगाळ दुपारच्या दिव्यात तिची अर्धी छटा गडद. मी पुन्हा पुन्हा पाहिलं. डबा तसाच राहिला. अर्धी छटा म्हणजे इतरांना काहीच नाही, माझ्यासाठी ती रस्त्याच्या मधोमध उभी असलेली भिंत होती. आत औषध असलेलं तेल गडद असणारच, असा हिशेब मी तिथल्या तिथे केला, आणि त्या आठवड्यात नव्या बाटल्या आल्या.

बाटल्याच बदलून भागलं नसतं, नंबर पक्के चिकटवलेले होते आणि बायको आपल्या बाटलीच्या गळ्याला निळा दोरा गुंडाळून ठेवायची, दुकानातल्या सवयीनं. म्हणून आतला मालच बदलायचा. ती आंघोळीला गेली की दोन बशा काढायच्या, एका बशीत तिच्या नव्वद, दुसऱ्या बशीत माझ्या नव्वद, आणि मग उलट्या भरायच्या. कॅप्सुली बशीत पडताना आवाज होतो, पण आतला नळ चालू असायचा. घाईत दोन-चार खाली सांडायच्या, कधी एखादी गॅसखाली जायची आणि ती झाडूच्या काडीनं ओढून काढावी लागायची. सगळं मिळून सात-आठ मिनिटं. नेमकी त्या दिवशी तिची आंघोळ लांबायची. मी मनात म्हणायचो, नशीब बलवत्तर आहे. चोरालासुद्धा असं वाटतंच की वरून कोणीतरी सांभाळून घेतंय.

आणि मग संध्याकाळी ती चहाबरोबर आपली कॅप्सूल घ्यायची, मी माझी. "घेतलीत का?" ती विचारायची. "घेतली," मी म्हणायचो. हा प्रश्न तिनं रोज विचारला, पाच वर्षं. तो ऐकताना सुरुवातीला कानशिलं तापायची. पुढे तेही थांबलं. माणसाला कशाचीही सवय होते, खोटं बोलण्याची तर साखर नसलेल्या चहाच्याही आधी.

माझ्या बाबांना साखर होती. ते थोडे थोडे करून गेले. आधी अंगठा. "फक्त अंगठा," डॉक्टर म्हणाले होते, आणि आम्ही सगळ्यांनी तो 'फक्त' घरी आणला, आल्यागेल्याला तोच सांगितला. मग पाऊल, मग गुडघ्यापर्यंत. मग दुसरा पाय. शेवटची दोन वर्षं ते पलंगावर होते आणि अंगावरची चादर एका ठिकाणी अचानक सपाट व्हायची. मी त्या खोलीत जायचो नाही. कारखाना आहे, ओव्हरटाइम आहे. त्यांची जखम धुवायची ती बायको. दुकानातून आली की हात धुऊन आधी तिथे. मी दारात उभा राहून विचारायचो, "कसं आहे?" आणि ती मान न वळवता सांगायची, "बरं आहे." त्या खोलीच्या दारात उभं राहून मला जी भीती बसली ती माझ्या पोटात कायमची राहायला आली, वेगळा कप्पा करून. साखर निघाली तेव्हा मी डॉक्टरांना पहिला प्रश्न पायाचा विचारला होता. बायकोला निघाली तेव्हा तिनं विचारलं होतं, "म्हणजे आता ह्यांचं आणि माझं एकाच भांड्यात शिजवता येईल ना?"

आणि डोळा. त्या डोळ्याबद्दल सांगायलाच हवं. निवृत्तीला दोन महिने राहिले असताना मी पास केलेला पिवळा परत आला, चाळीस पिंपं. गिऱ्हाईक म्हणालं, हा हिरवट मारतोय. मी म्हणालो, तुमचा दिवा खराब आहे. साहेब माझ्या बाजूनं भांडले, कारण डोळा कधी चुकत नाही. मला निरोप दिला, घड्याळ दिलं, भाषणं झाली, आणि ती पिंपं मागच्या शेडमध्ये तशीच होती. वर्षभरानं अभ्यासातली डोळ्यांची तपासणी होती. डॉक्टरीणबाईंनी माझ्यापुढे रंगीत चकत्या टाकल्या आणि म्हणाल्या, क्रमानं लावा. मला हसू आलं. "बत्तीस वर्षं हेच केलंय," मी म्हणालो, आणि लावल्या. त्यांनी त्या उलट्या करून मागचे नंबर पाहिले. बराच वेळ पाहिले. मग म्हणाल्या, "साखरेत पिवळ्या-निळ्यातला फरक आधी जातो, काका. ज्याचा जातो त्याला कळत नाही. तुमचा जाऊन दोन-तीन वर्षं तरी झाली असावीत." मी जिना उतरताना दोन-तीन वर्षं मागे मोजली. ती चाळीस पिंपं त्यात आली. दिव्यांच्या पेटीतल्या दोन कॅप्सुलीही त्यात आल्या.

म्हणजे ती अर्धी छटा कुठेच नव्हती, माझ्या डोळ्यात होती. तिथं थांबता आलं असतं. मी थांबलो नाही. आता कोणती खरी ते माहीत नाही म्हटल्यावर कोणतीही बाटली कोणाकडेही असली तरी सारखंच, असं मी स्वतःला समजावलं. आणि सारखंच आहे तर बदलायची तरी कशाला, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. थांबलो असतो तर आधी चोरी केली होती हे कबूल झालं असतं, निदान माझ्यापुढे. ती आंघोळीला गेली, नळ सुरू झाला की हात आपोआप बशांकडे जायचे.

पाय आधी मुका झाला. नव्या चपलेचा पट्टा अंगठ्याला लागला, तो कधी लागला ते मला कळलं नाही. बायकोला मोज्यावर डाग दिसला. तोवर कड काळी पडली होती. ह्या काळ्याला छटा नसतात, हा सगळ्या दिव्यांत सारखा दिसतो. सर्जन तरुण आहेत, गुरुवारी सकाळची वेळ दिली. "फक्त अंगठा," ते म्हणाले. मी बायकोकडे पाहिलं नाही. मी विचारलं, "माझं डी मुळात फार कमी होतं, त्यानं झालं का हे? ते भरलेलं असतं तर?" ते म्हणाले, "वीस वर्षांची साखर आहे, काका. अमक्यामुळेच झालं असं एका गोष्टीवर बोट ठेवता येत नाही." शनिवारच्या पत्रातही शेवटी तेच होतं, जरा लांबण लावून. दोन्ही गटांत डोळ्यांचं, पायांचं, आयुष्याचं पाहिलं तर ठळक फरक आढळला नाही, ज्यांच्यात डी मुळातच फार कमी होतं त्यांच्याबाबत अजून पाहावं लागेल, आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत. म्हणजे मी जे चोरलं ते मौल्यवान होतं की नुसतं रंगीत तेल, हेसुद्धा कोणी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. आणि त्यातही मी चोरली ती खोटी. खरी माझ्याच बाटलीत होती, माझ्याच नंबरखाली, आणि मी ती वीस वेळा मोजून, नव्वद-नव्वद करून, बायकोच्या बाटलीत भरली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. मी कळसा काखेतून काढून दुसऱ्याच्या काखेत दिला आणि वळसा घालत राहिलो.

बायकोनं शनिवारी दोन्ही पत्रं वाचली. आधी माझं, मग तिचं, मग पुन्हा माझं. आकड्यांखालून बोट फिरवत, टेपनं माप घ्यावं तशी. मग पत्रांच्या घड्या घातल्या, डब्याखाली ठेवल्या आणि आत गेली. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. "काय झालं?" मी विचारलं. "काही नाही," ती म्हणाली. तेव्हापासून दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलतेय. तिचा राग मला माहीत आहे, तो आवाजी असतो, भांड्यांना कळतो, शेजाऱ्यांना कळतो. हे तसं नव्हतं. पट्टी बदलताना तिचे हात नेहमीसारखेच हळू होते, फक्त ती मध्येच थांबायची आणि त्या अंगठ्याकडे बघत राहायची. तिला आकडे कळले आहेत, मी मनाशी म्हणालो. आयुष्यभर लोकांच्या कपड्यांचे इंच मोजणाऱ्या बाईला एवढा उलटसुलट तक्ता कळणार नाही होय? आता ती विचारेल. आता विचारेल. रविवार गेला, तिनं विचारलं नाही. न विचारणं फार वाईट असतं. त्यात आपल्याला आपल्याच आवाजात प्रश्न ऐकू येतात.

आणि आज हा फोन. देवानं दोर सोडावा तसा. नळ्यांची अदलाबदल, चूक त्यांची, माफीही त्यांनीच मागितली. हे असंच राहू दिलं तर बायकोच्या दृष्टीनं सगळं नीट लागत होतं, खरी मला, खोटी तिला, आकडे तेवढे उलटे लिहिले गेले. मला नुसतं गप्प बसायचं होतं, आणि त्यात माझा हात कोणी धरला नसता. पण फोन ठेवता ठेवता वहीवाल्या बाई म्हणाल्या होत्या, "रक्त काढणाऱ्या बाईंना आजपासून येऊ नका म्हणून सांगितलंय. पाच वर्षं एवढी मोठी चूक म्हणजे काय." सुईवाल्या बाई पन्नाशीच्या आहेत, डाव्या हातानं टोचतात, टोचायच्या आधी आपला तळवा दुसऱ्या हातावर चोळून गरम करतात. माझी शीर कोणाला सापडत नाही, त्यांना पहिल्या फटक्यात सापडायची. एकदा मी म्हणालो होतो, "तुमचा डोळा चांगला आहे." त्या म्हणाल्या, "डोळ्यानं नाही हो शोधत. बोटानं. डोळा फसवतो." मी तेव्हा हसलो होतो.

नळ बंद झाला. बायको पदराला हात पुसत बाहेर आली आणि माझ्या खुर्चीपाशी उभी राहिली. "मग आता त्या सुईवाल्या बाईंचं काय?" तिनं विचारलं. मी तिला त्यांच्याबद्दल काही सांगितलं नव्हतं. "काढलं म्हणे त्यांना," मी म्हणालो. ती खिडकीतून बाहेर बघत राहिली. बाल्कनीत ऊन आलं होतं, तिनं माझ्यासाठी मांडलेल्या स्टुलावर पडलं होतं. शनिवारपासून ती मला रोज तिथे बसवते, बाही वर करायला लावून. "हात हलका होता त्यांचा," ती म्हणाली. मग माझ्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं. "मी आंघोळीला जाते," ती म्हणाली. दोरीवरचा टॉवेल घेतला, आत गेली, कडी लावली, आणि नळ सुरू झाला. मोठा.

सात-आठ मिनिटं, माझ्या डोक्यात आलं. हातांना माहीत होतं. फक्त ह्या वेळी त्यांच्यापुढे बशा नव्हत्या. मला दरदरून घाम आला आणि मी आधी साखर उतरली असं समजलो, टेबलावरची ग्लुकोजची गोळी चघळली. मग कळलं की ती भीती आहे, बाबांच्या दारातली नाही, दुसरी. अंगठा गेला तर गेला. पण पट्टी बदलायला ती आली नाही तर. ती येईल, मी ओळखतो तिला, पण हात नुसते कामाचे असतील तर. मी नंबर फिरवला.

"बाई," मी म्हणालो, "नळ्या बरोबर होत्या. कॅप्सुली मी बदलल्या. घरी. दर तीन महिन्यांनी, पाच वर्षं."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला, वहीच असणार. "दोघांनी ठरवून?" त्यांनी विचारलं.

"नाही. बायकोला माहीत नव्हतं."

"पण का?"

"मला खरी हवी होती. तिला मिळतेय असं वाटलं, म्हणून काढून घेतली."

त्या हळू आवाजात म्हणाल्या, "अहो, पण खरी तर तुमच्याच बाटलीत होती."

"हो," मी म्हणालो. "त्या सुईवाल्या बाईंना परत बोलवा. आत्ताच फोन करा. माझं नाव सांगा."

"करते. तुमचे दोघांचे आकडे मात्र आता अभ्यासातून काढावे लागतील."

"काढा," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

आतला नळ चालूच होता, पण बायको दारात उभी होती. केस कोरडे, अंगावर तीच साडी, खांद्यावर टॉवेल तसाच घडीचा. ती किती वेळ उभी होती मला माहीत नाही. रडत होती, पण तोंड वाकडं न करता.

"माहीत नव्हतं म्हणून सांगितलंत त्यांना," ती म्हणाली.

"हो."

"माहीत होतं."

मी खुर्चीतच तिच्याकडे वळलो.

"पहिल्याच वेळी," ती म्हणाली. "टॉवेल विसरले म्हणून परत आले. नळ सोडूनच आले. तुम्ही पाठमोरे होतात, पुढे दोन बशा. माझ्या कॅप्सुली तुमच्या बाटलीत भरत होतात, एकेक बोटानं ढकलत. मी इथेच उभी होते. मग परत गेले."

"बोलली का नाहीस? भांडायचंस."

"आला होता ना राग. त्या वर्षी फार आला. पण रोजच्या रोज तो ठेवायचा कुठे?" तिनं टॉवेलानं डोळे पुसले. "आणि बाबांचा पाय मी धुतलाय. तुम्ही दारात उभे असायचात ते मला न बघता दिसायचं. मी म्हटलं, घेऊ देत. माझ्यापेक्षा ह्यांनाच भीती जास्त आहे. माझी खरी असली तर ह्यांना लागू पडू दे, ह्यांचे पाय राहू देत."

"पत्रात लिहिलंय," मी म्हणालो, "फरक आढळला नाही."

"त्यांना नसेल आढळला." ती पुढे आली, खुर्चीपाशी खाली बसली, पट्टीवर हात न ठेवता शेजारी उशीवर ठेवला. "मला शनिवारी आकडे बघून कळलं. पाच वर्षं मला वाटत होतं, माझ्या वाटचं तुमच्यापर्यंत पोचतंय. रोज विचारत होते, घेतलीत का म्हणून. आणि तुमच्या वाटचं सगळं मीच खात होते." आता तिचा आवाज फुटला. "त्या बाथरूममध्ये मी नुसती स्टुलावर बसून राहायचे हो. दर तीन महिन्यांनी. आंघोळ कधीच झालेली असायची. नळ तसाच सोडून बसायचे, तुमचं आवरेपर्यंत."

आत पाणी वाहत होतं. उठून ते बंद करावं असं दोघांच्याही मनात आलं असणार, पण कोणी उठलं नाही. मी माझा हात खाली नेला आणि उशीवर तिच्या हाताशेजारी ठेवला. पायाला काही कळत नव्हतं, हाताला कळलं.

"वेळ पुरायचा ना तुम्हाला?" तिनं विचारलं.

"पुरायचा," मी म्हणालो.